आजीच्या हातावरचे पांढरे थेंब

विद्यार्थिमित्रांनो, आज घरी गेल्यावर एक छोटेसे काम करा. आजीच्या किंवा आजोबांच्या शेजारी चांगल्या उजेडात बसा आणि त्यांचा हात आपल्या हातात घेऊन नीट पाहा. मनगटापासून कोपरापर्यंतचा, बाहेरच्या बाजूचा भाग पाहा. तेथे तुम्हाला तांदळाच्या कणीएवढे, फार तर तुरीच्या डाळीएवढे पांढरे ठिपके दिसण्याचा पुष्कळ संभव आहे. भिंतीला चुना देताना अंगावर शिंतोडे उडावेत तसे ते दिसतात. पुसले तर जात नाहीत, खाजत नाहीत, दुखत नाहीत. पायाच्या नडगीवरही असेच ठिपके आढळतील.

आता विचारा, "आजी, हे काय गं?" उत्तरे निरनिराळी मिळतील. कोणी म्हणेल, "वयाचे आहेत." कोणी म्हणेल, "अंगात कॅल्शियम कमी झाले." आणि एखादी आजी आवाज खाली आणून विचारील, "कोडाची सुरुवात तर नसेल ना रे?"

हे शेवटचे उत्तर महत्त्वाचे आहे. कारण आपल्याकडे त्वचेवरील पांढऱ्या डागाला माणसे जितकी भितात तितकी पुष्कळशा मोठ्या आजारांनाही भीत नाहीत. डाग दिसला की बाह्या लांब होतात, लग्नकार्याला जाणे टळते, घरातल्या मुलीच्या स्थळाची काळजी सुरू होते. आणि गंमत अशी, की ज्या डागाला खरोखर वेळीच औषध हवे असते तो डाग मात्र पुष्कळदा पांढराशुभ्र नसतोच; त्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही! म्हणून हे थेंब कोणते, ते का पडतात आणि इतर डागांपासून ते ओळखावेत कसे, हे आज आपण पाहू.

उन्हाचे गाव

आपण मिरजोळ्याचे उदाहरण घेऊ. रत्नागिरी शहराला लागून असलेले हे गाव. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे वाड्या, भातखाचरे आणि आंबा-काजूच्या बागा. येथील जुन्या पिढीतल्या माणसांचे सारे आयुष्य उघड्यावर गेलेले असते. उन्हाळ्यात भाजावळ, एप्रिल-मे महिन्यांत झेला घेऊन आंबे उतरवणे, जुलैत गुडघाभर चिखलात भाताची लावणी, पुढे कापणी आणि झोडणी. लावणीच्या वेळी बायका लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून घेतात. पुरुषांच्या अंगात बहुधा बिनबाह्यांची बंडी असते. म्हणजे कोपरापासून खालचे हात आणि गुडघ्यापासून खालचे पाय वर्षानुवर्षे उन्हात.

हे ऊन किती कडक असते? मिरजोळे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७ अंशांवर आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा तेथे बरोबर डोक्यावर येतो. एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दुसरा दिवस बहुधा पावसाळी ढगांआड जातो. पहिल्या दिवशी मात्र भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच गडप होते.

आता थंडीचा विचार करा. २२ डिसेंबरला सूर्य सर्वांत दक्षिणेकडे असतो. त्या दिवशीही मिरजोळ्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ५० अंश वर असतो. तुमची उंची १५० सेंटिमीटर असेल, तर तुमची सावली १२८ सेंटिमीटरच्या आसपास पडेल, म्हणजे तुमच्यापेक्षा आखूडच. उन्हापासून त्वचेला किती धोका आहे हे ओळखण्याचा एक सोपा नियम आहे: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तर सूर्याचे जंबुपार किरण जोरात आहेत असे समजावे. या नियमाने पाहिले तर कोकणात असा एकही महिना नाही, की ज्यात निरभ्र दिवशी माध्यान्हीचे ऊन सौम्य म्हणता येईल.

जंबुपार किरण म्हणजे जांभळ्या रंगाच्या पलीकडचे, आपल्या डोळ्यांना न दिसणारे किरण. त्यांतील सर्वांत घातक किरण वातावरणातील ओझोन वायू अडवतो. २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे काही आणि ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे बरेचसे किरण जमिनीपर्यंत पोचतात. पहिल्या प्रकारच्या किरणांमुळे आपल्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, हा त्यांचा उपकार. परंतु त्यांचा अतिरेक झाला तर पेशींच्या केंद्रकातील डीएनएला इजा होते. दुसऱ्या प्रकारचे किरण त्वचेत अधिक खोल शिरतात आणि पातळ ढगांतूनही बऱ्याच प्रमाणात पार होतात.

पेशीच्या डोक्यावरचे इरले

या माऱ्यापासून वाचण्याची सोय आपल्या त्वचेतच आहे. त्वचेचा वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. शरीराच्या बहुतेक भागांवर ती कागदाइतकीच पातळ असते. तिच्या अगदी तळाशी, इतर पेशींच्या रांगेत अधूनमधून बसलेल्या असतात रंजकपेशी. एका चौरस मिलिमीटरमध्ये, शरीराच्या भागानुसार, साधारण १ ते २ हजार रंजकपेशी सापडतात. त्यांचे काम मेलॅनिन नावाचे काळपट तपकिरी रंगद्रव्य तयार करणे.

त्यासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे टायरोसिन हे अमिनो आम्ल, आणि ते बदलणारे विकर म्हणजे टायरोसिनेज. या विकरात तांब्याचे अणू असतात. कच्चे केळे किंवा वांगे चिरून ठेवले की थोड्याच वेळात ते काळे पडते, हे तुम्ही स्वयंपाकघरात पाहिले असेल. तेथेही याच कुळातील, तांबे असलेले विकर काम करीत असते.

तयार झालेले मेलॅनिन बारीक बारीक कणांत भरले जाते. रंजकपेशीला बारीक फांद्या असतात. त्या फांद्यांतून हे कण ती आसपासच्या पेशींना वाटते. एक रंजकपेशी साधारण ३६ शेजारणींना रंग पुरवते, असे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. म्हणजे ती एखाद्या वाडीतल्या रेशन दुकानासारखीच आहे म्हणा ना!

आणि हे कण मिळाल्यावर शेजारची पेशी काय करते? ती ते कण आपल्या केंद्रकाच्या वरच्या बाजूला रचून ठेवते. लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले असते, ते आठवा. पाऊस इरल्यावर पडतो आणि बाई कोरडी राहते. तसेच हे मेलॅनिनचे इरले. किरण त्यावर पडतात आणि खालचे केंद्रक वाचते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गोऱ्या माणसाच्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंजकपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते! फरक असतो तो कणांच्या आकारात, संख्येत आणि त्यांत भरलेल्या मेलॅनिनच्या प्रकारात व प्रमाणात. माणसामाणसांत रंगावरून जो एवढा भेद केला जातो, त्याच्या मुळाशी एवढीच गोष्ट आहे.

थेंब पडतो म्हणजे काय होते?

वय वाढते तशा रंजकपेशी कमी होत जातात. तिशीनंतर दर दहा वर्षांनी त्या सुमारे १० ते २० टक्क्यांनी घटतात. केस पांढरे होतात तेव्हा केसांच्या मुळांशी असेच काहीसे घडत असते. त्वचेतील घट मात्र सगळीकडे सारखी होत नाही. एखाद्या लहानशा जागी रंजकपेशी फारच कमी होतात, उरलेल्या थकतात आणि शेजारच्या पेशींना कण पोचेनासे होतात. तेवढ्या जागेपुरता रंग फिका पडतो. हाच तो पांढरा थेंब.

थोडे गणित करू. थेंबाचा व्यास ४ मिलिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौरस मिलिमीटर होते. एका चौरस मिलिमीटरला १ हजार रंजकपेशी धरल्या, तर एवढ्याशा थेंबात साडेबारा हजार रंजकपेशी असायला हव्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता त्या येथे कमी झालेल्या दिसतात; पण बहुधा त्या अजिबात नाहीशा झालेल्या नसतात. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे कोडाशी तुलना करताना तो उपयोगी पडेल.

आणखी एक मौज भिंगातून पाहता येईल. थेंबावर उगवलेली बारीक लव पुष्कळदा काळीच असते. केसाच्या मुळाशी रंजकपेशींचा वेगळा साठा असतो आणि तो शाबूत राहिलेला असतो.

डॉक्टरांनी या ठिपक्यांना दिलेले नाव मोठे लांबलचक आहे: इडियोपॅथिक गटेट हायपोमेलॅनोसिस! घाबरू नका, आपण त्याची फोड करू. 'गुट्टा' म्हणजे लॅटिन भाषेत थेंब. 'हायपो' म्हणजे कमी आणि 'मेलास' म्हणजे काळा. हे दोन्ही शब्द ग्रीक. आणि 'इडियोपॅथिक' म्हणजे आपला आपण उद्भवलेला. कारण नक्की सापडलेले नसले की डॉक्टर हा शब्द वापरतात. थोडक्यात, 'नक्की कारण न कळलेली, थेंबाथेंबाने आलेली रंगाची उणीव.' ब्राझीलमध्ये कोस्टा यांनी १९५१ साली अशा ठिपक्यांचे वर्णन केले होते. आज रूढ असलेले नाव १९६६ साली अमेरिकेतील कमिंग्ज आणि कॉटेल यांनी दिले. मराठीत आपण यांना सरळ 'थेंबडाग' म्हणू.

उन्हाचाच दोष का?

तुम्ही म्हणाल, 'हात आणि नडग्या उन्हात असतात, थेंबही तेथेच पडतात. मग कारण सापडले की!' थांबा. विज्ञानात इतकी घाई करून चालत नाही.

सर्वांत जास्त ऊन कोठे लागते? चेहऱ्यावर. आणि थेंबडाग सर्वांत कमी कोठे आढळतात? तेही चेहऱ्यावरच! शिवाय कपड्यांनी झाकलेल्या भागावरही ते कधी कधी दिसतात. एकाच घराण्यातील पुष्कळ जणांना ते असतात अशाही नोंदी आहेत. तेव्हा उन्हाचा वाटा मोठा असला, तरी सगळा दोष उन्हाच्या माथी मारता येत नाही. वय, ऊन आणि आनुवंशिकता हे तिघे मिळून हे काम करतात असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. कोणाचा वाटा किती, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. तुमच्यापैकी कोणी ते पुढे सोडवील, कोणी सांगावे?

एवढे मात्र नक्की, की हे डाग अगदी सामान्य आहेत. चाळिशीच्या आसपास ते दिसू लागतात आणि पन्नाशीनंतर निम्म्याहून अधिक लोकांत सापडतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर ते अधिक उठून दिसतात एवढेच. ते एकाकडून दुसऱ्याला होत नाहीत. त्यांचा कर्करोग होत नाही. कॅल्शियमशी त्यांचा काही संबंध नाही. डोक्यावर एक पांढरा केस दिसला म्हणून आपण वैद्याकडे धावतो का? या थेंबांचेही तसेच आहे.

कोड निराळे

आता आजीच्या शंकेकडे येऊ. कोड म्हणजे काय? आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे सैन्य असते. कोडात हे सैन्य चुकून आपल्याच रंजकपेशींवर चाल करून जाते आणि त्यांचा नाश करते. त्यामुळे त्या जागी रंजकपेशी जवळजवळ उरतच नाहीत. त्वचा दुधासारखी पांढरी होते, वरचे केसही पुष्कळदा पांढरे होतात. डाग वाढतात, एकमेकांना मिळतात. ओठ, डोळ्यांभोवतालची जागा, बोटांची टोके येथे विशेष दिसतात. थेंबडाग संख्येने वाढतात, पण एकदा पडलेला थेंब पसरत जाऊन शेजारच्याला मिळत नाही. शिवाय कोड कोणत्याही वयात, अगदी लहानपणीही सुरू होते.

कोडही संसर्गजन्य नाही, हे ठासून सांगायला हवे. जगात शंभर माणसांमागे साधारण एकाला ते असते. कोड असलेल्या माणसाच्या हातचे खाल्ल्याने, त्याच्या शेजारी बसल्याने काहीही होत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायले की कोड येते, असे आपल्याकडे म्हणतात. क्षणभर विचार करा. जयगडपासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर दुपारी बांगड्याचे तिखले जेवून नंतर चहा पिणारी माणसे किती असतील? चहात दूध असतेच. हे म्हणणे खरे असते, तर किनाऱ्यावर सावळा माणूस औषधालाही सापडला नसता!

आणखी काही पांढरे डाग

तुमच्या वयात जे फिके डाग येतात ते बहुधा वेगळेच असतात. मान, छाती, पाठ यांवर फिकट, वर किंचित कोंडा असलेले डाग म्हणजे शिबे. नखाने हलकेच खरवडले की बारीक भुसा निघतो. ही एका प्रकारच्या सूक्ष्म बुरशीची करामत. कोकणच्या दमट हवेत घामेजलेल्या अंगावर तिचे चांगलेच फावते. मलमाने ती जाते. मूळ रंग भरून यायला मात्र काही आठवडे लागतात. लहान मुलांच्या गालांवर फिकट, कोरडे चट्टे येतात. जंत झाले म्हणून ते येतात असे घरात म्हणतात. पण तो कोरड्या त्वचेचा सौम्य दाह असतो आणि काही महिन्यांनी आपोआप मिटतो.

टिकलीमुळेही पांढरा डाग पडू शकतो. काही टिकल्यांच्या गोंदात रंजकपेशींना मारक असे रसायन असते. वर्षानुवर्षे एकाच जागी टिकली लावल्याने तेवढाच गोल पांढरा पडतो. रबरी चपलांच्या पट्ट्यांखालीही असे घडते. आणि काजूच्या टरफलातील तेल तर तुम्हाला ठाऊकच आहे! ते लागून त्वचा भाजली, की जखम भरल्यावर तेथे पुष्कळदा फिका वण राहतो.

हा डाग मात्र लपवू नका

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. एक डाग असा आहे, की तो पांढराशुभ्र नसतो. तो आसपासच्या त्वचेपेक्षा थोडा फिका किंवा लालसर, तांबूस असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण त्या जागेवरची संवेदना कमी झालेली असते. कापसाचा स्पर्श कळत नाही, गरम-गार समजत नाही. घाम येत नाही, लव झडते. हा कुष्ठरोगाचा चट्टा असू शकतो.

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन येथे गेरहार्ड आर्मावर हान्सेन यांनी शोधला. हा जंतू फार संथ. सामान्य जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात; याला त्यासाठी सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत कित्येक वर्षे जाऊ शकतात. तो नसांवर हल्ला करतो आणि म्हणूनच त्वचा बधिर होते. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते.

एके काळी या रोगाला औषध नव्हते आणि रोग्याला गावाबाहेर काढले जाई. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री यांना हा रोग झाला होता. महात्मा गांधींनी त्यांना सेवाग्राम आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोड्याजवळ आनंदवन उभे केले. पुढे विज्ञानाने बाजी मारली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एकापेक्षा अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. यालाच बहुविध औषधोपचार म्हणतात. या गोळ्या ६ किंवा १२ महिने घ्यायच्या असतात आणि सरकारी आरोग्य केंद्रात त्या विनामूल्य मिळतात. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. वेळीच औषध घेतले तर बोटे वाकडी होणे, पायाला जखमा होणे हे सारे टळते.

तेव्हा रोग संपला का? नाही. २०२३ साली जगभर सुमारे १ लाख ८३ हजार नव्या रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी १ लाखाहून अधिक आपल्या देशातील होते. कायदा मात्र बदलला आहे. १८९८ सालचा कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याचा कायदा २०१६ साली रद्द झाला. २०१९ साली कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळण्यात आले. आता बदलायचे आहे ते आपले मन. कारण चट्टा लपवायला लावते ती लाज, आणि जंतूला वेळ मिळतो तो त्या लपवण्यामुळेच.

पाहिलेत ना? निरुपद्रवी थेंब पाहून लोक घाबरतात, आणि बधिर चट्टा अंगावर वागवीत वर्षे काढतात. रंगावरून नव्हे, तर नीट निरीक्षण करून डाग ओळखायचा असतो. चार प्रश्न पाठ करून ठेवा. डाग केवढा आहे? तो पसरतो का? त्यावर कोंडा आहे का? तेथे स्पर्श कळतो का? थेंबडागाची उत्तरे अशी: तो डाळीएवढा असतो, एकदा पडला की फारसा पसरत नाही, त्यावर बहुधा कोंडा नसतो आणि स्पर्श उत्तम कळतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर त्याच आठवड्यात आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. चारही उत्तरे घरबसल्या देता येतात. पण रोगाचे अंतिम निदान डॉक्टरांनीच करायचे असते, हे विसरू नका.

औषध करावे का?

थेंबडागांना औषधाची गरज नसते. कोणाला ते दिसायला नकोच असतील, तर त्वचारोगतज्ज्ञ उणे १९६ अंश सेल्सिअस तपमानाच्या द्रव नायट्रोजनचा क्षणभर स्पर्श देऊन किंवा लेसर किरणांनी प्रयत्न करतात. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. हा केवळ हौसेचा भाग.

घरगुती प्रयोग मात्र करू नयेत. बावचीच्या बियांचे तेल कोडावर लावतात हे ऐकून पुष्कळ जण ते या थेंबांना चोपडतात आणि उन्हात बसतात. बावचीत सोरालेन वर्गातील रसायने असतात. ती लागलेल्या त्वचेवर ऊन पडले, की त्वचा भाजते आणि टरारून फोड येतात. कोडावरच्या उपचारात हाच गुण डॉक्टर मोजूनमापून वापरतात. बिब्बा तर दूरच ठेवावा. निरुपद्रवी थेंबापायी कायमचा वण घेण्यात काय शहाणपण आहे?

पडलेले थेंब ऊन टाळल्याने नाहीसे होत नाहीत. पण पुढील काळात त्वचेचे रक्षण होते. टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावरून घेतलेला पदर आणि भर दुपारची कामे शक्य तेव्हा सकाळी-संध्याकाळी उरकणे, हे उपाय बिनखर्ची आहेत. त्यांची सवय लावायची ती तुमच्या वयातच, कारण त्वचेवरचा उन्हाचा हिशेब लहानपणापासून मांडला जात असतो.

करून पाहा

१. सावलीची नोंद : शाळेच्या मैदानात १ मीटर उंचीची काठी सरळ रोवा. दर महिन्याच्या २२ तारखेला तिची सर्वांत आखूड सावली मोजा. कोकणात ती घड्याळाच्या बारा वाजता पडत नाही, साडेबाराच्या आसपास पडते. असे का होते, हे भूगोलाच्या शिक्षकांना विचारा. वर्षभराचा आलेख काढा आणि सावली काठीपेक्षा लांब झालेला एक तरी महिना सापडतो का ते पाहा. पावसाळ्यात ढगांनी दगा दिला तर आसपासच्या एखाद्या दिवशीचे माप घ्या.

२. थेंबांचा नकाशा : आजीच्या परवानगीने तिच्या हातावर ५ सेंटिमीटर बाजूचा पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन ठेवा. खालचे थेंब बारीक पेनने त्यावर गिरवा. एखादा तीळ किंवा जुना वण खूण म्हणून गिरवायला विसरू नका, म्हणजे पुन्हा तीच जागा सापडेल. तारीख लिहून ठेवा. सहा महिन्यांनी दुसऱ्या चौकोनावर पुन्हा गिरवा आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहा. जुने थेंब मोठे झाले का? नवे पडले का? कोपराच्या आतल्या बाजूचाही असाच नकाशा काढा आणि तुलना करा.

३. वय आणि थेंब : घरातल्या आणि शेजारच्या दहा-बारा वडीलधाऱ्या माणसांचे वय, उन्हातले काम किती वर्षे केले आणि एका हातावरील थेंबांची संख्या यांचे कोष्टक करा. नावे लिहू नका. वयाबरोबर संख्या वाढते का? सारख्याच वयाच्या, पण एक शेतात आणि एक कचेरीत काम केलेल्या माणसांत फरक दिसतो का? दहा माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण प्रश्न चांगले विचारता येतात.

शिक्षकांना एक विनंती. हे प्रयोग मोठ्या माणसांच्या खुशीने, घरीच करून घ्यावेत. वर्गात कोणा विद्यार्थ्याला उभे करून त्याच्या अंगावरील डाग सर्वांना दाखवू नयेत. एखाद्या मुलाच्या अंगावर बधिर चट्टा असल्याची शंका आली, तर त्याच्या पालकांना बाजूला घेऊन सांगावे.

आणि मित्रांनो, तुम्ही आजीला काय सांगाल? तिच्या हातावरचा प्रत्येक थेंब म्हणजे थकलेल्या काही हजार रंजकपेशी आहेत. तो कोड नाही आणि लपवण्याजोगा तर मुळीच नाही, एवढे तिला नक्की सांगा. मग तिला डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्याने थेंबावर हलकेच स्पर्श करा आणि कोठे स्पर्श झाला ते बोटाने दाखवायला सांगा. तिने बरोबर जागा दाखवली, की ती स्वतःच हसेल आणि तिची निम्मी काळजी तेथेच मिटेल.